आबांचं नाव सरळ लावा

आमच्या गॅरेजमध्ये माझा उजवा पाय कामाला होता. बाकीची मी घरात, पाय गॅरेजमध्ये. ब्रेकची हवा काढायची वेळ आली की आबा, म्हणजे माझे यजमान, मागच्या दारातून ओरडायचे, "पाय मोकळा आहे का?" मी शेगडी बंद करायचे, हात पुसायचे आणि गाडीत जाऊन बसायचे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. आपण पॅडल दाबलं की ते तेल आपल्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचवतं. त्यात हवा शिरली की जोर वाटेतच जिरतो, कारण हवा दबते आणि तेल दबत नाही. मग ती हवा बाहेर काढावी लागते. एकानं आत बसून पॅडल दाबायचं. दुसऱ्यानं चाकापाशी बसून एक बारीक नट सैल करायचा, बुडबुडे निघाले की पुन्हा आवळायचा. काम सोपं आहे, पण दोघांचं बोलणं चुकता कामा नये.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड."

अख्ख्या संसारात आबांनी सांगितलं आणि मी मुकाट ऐकलं, ते एवढंच. पण शेवटचा शब्द माझा असायचा. पॅडल पायाखाली घट्ट झालं की मी "झालं" म्हणायचे, आणि आबा हत्यारं गोळा करायला लागायचे. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, तुम्ही एकदा बसून बघा तरी." आबा म्हणायचे, "पायानं सांगितलंय. आणखी काय बघायचं?"

दाबताना समोरच्या काचेतून मला आबांचं टक्कल दिसायचं. मडगार्डच्या वर तेवढंच दिसायचं, बाकी आबा खाली. त्या टकलावर ग्रीसचा एक काळा ठिपका कायम असायचा, कारण विचार करताना ते तिथंच खाजवायचे. ठिपका मोठा झाला की मी समजायचे, आज काम अवघड आहे.

आबा गेले. गॅरेज मुलाकडे आलं. मुलगा हुशार आहे, पण त्याचं डोकं वेगळ्या बाजूला चालतं. आबा बंद पडलेल्या गाड्या चालू करायचे. हा चांगल्या चालणाऱ्या गाड्या उघडतो आणि त्यांना वेड लावतो. आबांची स्वतःची दोन दारांची जुनी गाडी होती. चढ आला की तिला दम लागायचा, मग आबा तिच्याशी बोलायचे आणि ती चढायची. मुलानं तिचं इंजिन काढलं, दुसरं मोठं घातलं, वर टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या नाकात फुंकर घालणारा पंखा, असं मला समजलं. मुलगा म्हणाला, "अगदी तसं नाही, आई." मग कसं, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. आता ती गाडी नुसती चालू केली तरी कपाटातली भांडी वाजतात.

आणि ही गाडी चालवणार कोण, तर माझी नात. रांगायला लागल्यापासून एका जागी टिकली नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. गावाबाहेर जुन्या विमानतळाची धावपट्टी आहे. विमानं आता तिथं उतरत नाहीत. तिथं अशा वेड लावलेल्या गाड्या एकेक करून पळवतात. सरळ रस्त्यावर जीव खाऊन पळवायची, शेवटी रबरी शंकू मांडलेले असतात, त्यांच्या अलीकडे थांबवायची. शंकूंच्या पलीकडे खडी, आणि खडीच्या पलीकडे भिंत. रविवारी भिंगरीचं नाव लागलेलं होतं.

"पळवायचं समजलं," मी मुलाला म्हणाले. "थांबवायचं काय? बापाच्या वेळचे ब्रेक आहेत तिला. ते दम लागणाऱ्या गाडीसाठी होते."

"म्हणून तर नवे आणतोय," मुलगा म्हणाला. त्या वर्षात त्यानं बोललेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य.

नवे ब्रेक पार्टवाला स्वतः घेऊन आला. हा पार्टवाला आबांच्या वेळेपासून येतो आणि खोकं उघडायच्या आधी त्याची स्तुती करतो. आधीची चकती बशीएवढी असेल तर नवी ताटाएवढी. चाकाबरोबर चकती फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा एक जाड डबा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. जुना डबा माझ्या मुठीत मावायचा. नवा पावाच्या लादीएवढा, उभा, वजनदार. मी हातात घेतला आणि मला तो आवडला. वस्तूला वजन असलं की मला बरं वाटतं.

"यावर आबांचं नाव घालायचं," मी म्हणाले.

मुलानं वर छताकडे बघितलं. "आई, चाकाच्या आत असतं ते."

"असू दे. गाडी त्यांची आहे. थांबवतील तेच."

सून दुकानांच्या पाट्या रंगवते. तिचा हात बोलतो आणि तोंड गप्प असतं, म्हणून आमचं जमतं. तिनं ते दोन्ही डबे जेवणाच्या टेबलावर उभे केले, लाल रंगवले, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात वर 'आ' आणि खाली 'बा' असं लिहिलं. हा रंग गरम केल्याशिवाय पक्का होत नाही म्हणून तिनं ते ओव्हनमध्ये भाजले. त्यानंतर भाजलेल्या बटाट्यांना कितीतरी दिवस गॅरेजचा वास येत होता, पण मी एक अक्षर बोलले नाही. अक्षर इतकं सुंदर आलं होतं.

मुलानं पुढच्या दोन्ही चाकांना ते बसवले आणि मला हाक मारली. मी गेले, वाकून बघितलं, आणि माझं रक्तच तापलं. 'बा' वर, 'आ' खाली, आणि दोन्ही अक्षरं पाय वर करून. इकडच्या चाकालाही तसंच आणि तिकडच्याही.

"आबांना उलटं टांगलंस?"

"टांगलं नाही, आई. ते असेच बसतात. रंगवताना खालची बाजू वर धरली गेली."

सुनेनं मान खाली घातली. "मला काय ठाऊक, वर कुठली? टेबलावर जशी उभी राहिली तशी रंगवली."

"तुझी चूक नाही. याला सांगता आलं नसतं?" मी मुलाकडे वळले. "सरळ कर."

"कोण वाचतंय तिथं?"

"मी वाचतेय."

"पुढच्या आठवड्यात खरवडून परत लिहू."

"खरवडून? बापाचं नाव खरवडणार तू? भाजून पक्कं केलेलं?"

भिंगरी टायरवर बसून पाय हलवत होती. ती म्हणाली, "बाबा, आजी आता थांबणार नाही. तिला ब्रेक नाहीत."

मुलाला राग आला की तो बोलत नाही, हात चालवतो. त्यानं दोन्ही डबे काढले. डावीकडचा उजवीकडे नेला, उजवीकडचा डावीकडे. भोकं अशी जुळली की जणू तिथलीच होती. तेलाच्या नळ्याही पोचल्या. एवढ्यात दारात एक टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला, मुलानं उरलेले बोल्ट भराभर आवळले आणि म्हणाला, "घे. झालं समाधान?"

आबा दोन्हीकडून सरळ दिसत होते. "बसलं ना? मग उगाच माझं डोकं खाल्लंस," मी म्हणाले आणि घरात गेले.

इथपर्यंत मला सगळं समजत होतं. गोंधळ यानंतरचा.

दुपारी मुलानं मागच्या दारातून हाक मारली, "पाय मोकळा आहे का?" अगदी बापाच्या आवाजात. मी तोंडानं "येते, मरू दे तुझं काम" असं म्हणाले, पण गेले लगबगीनंच. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, चाकं काढलेली. आत बसले, पाय ठेवला.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड."

बुडबुडे आले, मग नुसतं तेल आलं. मुलगा म्हणाला, "साफ येतंय. झालं ना?"

झालं नव्हतं. पॅडल पायाखाली ओल्या गादीसारखं खाली जात होतं. मी पुन्हा दाबलं, तर घट्ट. मला वाटलं, चला. थोडं थांबून परत दाबलं, तर पुन्हा गादी. लगेच दुसऱ्यांदा दाबलं, तर दगड.

"मऊ आहे," मी म्हणाले.

त्यानं आणखी हवा काढली. हवा येतच नव्हती, तेलच येत होतं, स्वच्छ, पाण्यासारखं. तरी पॅडल मऊ. त्यानं एक बाटली संपवली, दुसरी उघडली. शेवटी स्वतः आत बसला, दाबून बघितलं आणि कपाळावर आठ्या घातल्या. मग आठ्या काढल्या आणि म्हणाला, "बरोबर आहे, आई. मोठे डबे आहेत. त्यांना तेल जास्त लागतं, म्हणून पॅडल जास्त खाली जातं. हे असंच असतं."

"दुसऱ्यांदा दाबल्यावर मोठे डबे लहान होतात का?"

तो म्हणाला, "तुला जुन्या ब्रेकची सवय आहे."

संध्याकाळी पार्टवाला आला. त्यानं दाबून बघितलं. "काकू, डब्यातले पॅड नवे आहेत. चकतीवर घासून बसायला हवेत. मग बघा, कसे घट्ट होतात."

मी म्हणाले, "पॅड घासायचे आहेत की गाडी?"

तो हसला. तो कायम हसतो, त्यावरून काही कळत नाही.

सुनेनं रात्रीच्या जेवणाची ताटं मांडताना हळूच विचारलं, "आई, गुडघा दुखतोय का तुमचा? परवा जिना चढताना धरलात."

म्हणजे एकजण म्हणतो डबे, एकजण म्हणतो पॅड, आणि ही म्हणते गुडघा. मुलाचं बोलणं खोटं वाटत नव्हतं, तो शिकलाय. पार्टवाल्यानं आयुष्य ब्रेक विकण्यात घालवलंय. आणि गुडघा तर खरंच दुखत होता. मला वाटायला लागलं, पाय म्हातारा झाला असेल. डोळे म्हातारे झाले तेव्हा मला कुठं कळलं होतं? मी तर जगालाच चष्मा लागलाय असं समजत होते. तसंच याचं झालं असेल तर मी पोरीची रविवारची हौस फुकट मोडतेय. आणि तसं नसेल तर? खडी आणि भिंत.

सकाळी भिंगरी म्हणाली, "आजी, चल. तुला फिरवून दाखवते. मग तरी पटेल?"

मी शेजारी बसले. तिनं गाडी गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळू नेली. टोकाला कुंपण आहे. कुंपणाच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबली. वळवली, परत आणली, गॅरेजच्या दारात थांबवली. पुन्हा नेली, पुन्हा थांबली.

"थांबते ना?"

"थांबते."

"मग?"

मी तिच्या पायाकडे बघत होते. "तू दोनदा का दाबतेस?"

"काय दोनदा?"

"ब्रेक. एकदा हळूच दाबतेस, सोडतेस आणि मग परत दाबतेस."

"कुठं? एकदाच दाबते मी."

"परत कर."

तिनं परत केलं. पाय दोनदा गेला. तिला खरंच कळत नव्हतं. पायानं स्वतःच शिकून घेतलं होतं की पहिला दाब फुकटचा आहे, आणि तिला विचारलंही नव्हतं. गल्लीत ते चालतं. धावपट्टीच्या शेवटी, भांडी वाजवणाऱ्या वेगात, दुसरा दाब द्यायला कोण वेळ देणार आहे?

मी किल्ली काढून घेतली आणि चष्म्याच्या डबीत टाकली. डबी बंद होईना, तरी दाबून बंद केली.

"आजी!"

"माझ्या पायाला पटेपर्यंत ही गाडी कुठंही जाणार नाही."

"रविवारी माझं नाव आहे तिथं. बाबांनी किती महिने काम केलंय!"

"तुझं नाव तिथंही आहे आणि इथंही आहे. इथलं मला टिकवायचंय."

भिंगरी पाय आपटत बापाकडे गेली. बाप माझ्याकडे आला. "आई, थांबते ना गाडी? डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग तुझं म्हणणं तरी काय आहे?"

इथंच घोटाळा होता. माझं म्हणणं काय, ते मलाच सांगता येईना. गाडी थांबते. तेल स्वच्छ आहे. हवा निघत नाही, म्हणजे हवा नाही. सगळं नवं, सगळं मोठं. आणि तरी पाय म्हणतो, नाही. भांडताना माझ्याकडे कधी शब्द कमी पडत नाहीत. त्या दिवशी पडले. मी म्हणाले, "माझं म्हणणं एवढंच की नाही."

"हे काय बोलणं झालं?"

"तुझ्या बापाला पुरायचं."

हे बोलायला नको होतं असं मला वाटलं, कारण तो पाठ फिरवून निघून गेला. राग आला म्हणून गेला की वाईट वाटलं म्हणून, तेही समजलं नाही.

मग मी माझ्या पायाचीच परीक्षा घ्यायची ठरवली. गॅरेजच्या अंगणात जी गाडी येईल तिच्यात मी जाऊन बसायला लागले. टॅक्सीवाला चहा पीत होता, मी त्याच्या टॅक्सीत बसले, ब्रेक दाबला. घट्ट. त्यानं धावत येऊन विचारलं, "काकू, काही झालं का गाडीला?"

"गाडीला नाही, मला. चहा पी."

बेकरीची गाडी आली. तिच्यात बसले. घट्ट, फक्त सोडल्यावर किंचित उशिरा वर येतो. बेकरीवाला म्हणाला, "कसं कळलं तुम्हाला? मीच सांगायला आलोय." एका शिक्षिकेची लहानशी गाडी होती, तिचे ब्रेक इतके छान होते की मला तिथून उठवेना. ती बिचारी दाराशी पिशवी धरून उभी. "आजी, तुम्हाला कुठं सोडू का?"

"नाही ग. ब्रेक बघतेय."

"बिघडलेत?"

"नाही. म्हणून तर बघतेय."

तिच्या चेहऱ्यावरून ती घाबरलेली दिसली. शहाण्या माणसाच्या गाडीत एक म्हातारी बसून म्हणते की ब्रेक चांगले आहेत म्हणून मी बसलेय, तर कोण घाबरणार नाही?

म्हणजे सगळ्या गाड्यांत माझा पाय ठीक. फुटक्या टॅक्सीतही ठीक. आणि जिथं ताटाएवढ्या चकत्या, पावाच्या लादीएवढे डबे, दोन बाटल्या नवं तेल, तिथंच पाय बिघडतो. यानं मला धीर यायला हवा होता, पण गोंधळ वाढला. पाय बरोबर असेल तर ब्रेक चुकीचे. ब्रेक चुकीचे असतील तर कुठं? मुलानं सगळे बोल्ट पुन्हा तपासले होते. नळ्या पुसून, कागद लावून बघितल्या होत्या, एक थेंब गळत नव्हता. मला बरं वाटावं म्हणून नव्हे, त्यालाही आता झोप लागत नव्हती. डोक्यावर हात फिरवत तो गाडीभोवती नुसता फिरायचा.

शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्ये गेले. "पाय मोकळा आहे," मी म्हणाले.

"आई, किती वेळा काढायची हवा? हवा नाहीये."

"नसू दे. काढ."

गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढवली. भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून उभी, हाताची घडी घालून, माझ्याकडे न बघता. सून रंगाचा ब्रश तसाच हातात घेऊन आलेली. मी आत बसले.

"दाब," खालून आवाज आला.

"दाबलं."

"धर."

"धरलंय." मी समोर बघत होते. मडगार्ड होतं, पलीकडे भिंत होती, भिंतीवर टांगलेले पट्टे होते. मला चुकल्यासारखं वाटत होतं. परवाही वाटलं होतं, पण तेव्हा पॅडलच्या नादात लक्षात आलं नाही. काहीतरी असायचं तिथं, ते नव्हतं.

"सोड."

मी सोडलं नाही. "तू कुठं आहेस?"

"कुठं म्हणजे? चाकापाशी."

"दिसत का नाहीस?"

"आई, सोड ना पॅडल."

"आबा दिसायचे. त्यांचं टक्कल दिसायचं मला मडगार्डवरून. तुझं काहीच दिसत नाही. तू काय आडवा पडून काम करतोयस? बापानं कधी आडवं पडून हवा काढली नाही."

"आडवा पडू नको तर काय करू? नट खालच्या टोकाला आहे."

"मग आबांचा कुठं असायचा?"

"वर अस..."

एवढं म्हणून तो थांबला. मला वाटलं, राग आला परत. मग पाना फरशीवर पडल्याचा आवाज आला, आणि त्याचं डोकं कशावर तरी आपटल्याचा. तो उठून बसला. मडगार्डच्या वर त्याचा चेहरा आला, तेलानं माखलेला, तोंड उघडं.

"आई," तो म्हणाला, "हे उलटे लागलेत."

"काय उलटं? नाव तर सरळ आहे."

"नाव सरळ आहे. म्हणूनच उलटे आहेत."

मी भिंगरीकडे बघितलं. तिलाही कळलं नव्हतं. सुनेचा ब्रश मात्र हवेत राहिला.

मुलगा आता स्वतःशीच बोलत असल्यासारखा बोलायला लागला. "नट वरच्या टोकाला हवा. हवा वर जाते ना, तेलातून वर. वरच्या टोकाला जमते आणि तिथूनच निघते. मी डावा डबा उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. टोकं फिरली. नट खाली गेला. परवापासून मी खालून नुसतं तेल काढतोय, आणि हवा वर बसून आहे आरामात."

"मग परवापासून मी काय दाबतेय?"

"हवाच दाबतेयस."

"मी सांगत होते की मऊ आहे."

"सांगत होतीस."

"आणि तू मला डब्यांचं मोठेपण सांगत होतास."

"आई, पण फिरवायला तूच लावलंस. नाव सरळ कर म्हणून."

"मी नाव सरळ कर म्हणाले. ब्रेक उलटे कर म्हणाले का?"

"नाव ब्रेकवरच आहे, आई!"

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना. पहिल्यांदा त्यानं बसवले होते ते बरोबर होते आणि मी त्यांना चूक म्हणाले. मग त्यानं बसवले ते चूक होते आणि मी समाधानानं घरात गेले. पायाला कळत होतं आणि मला कळत नव्हतं. तोच पाय आणि तीच मी.

सून पुढे आली. "आई, मी खरवडते. कडक कागदानं घासलं तर निघेल. नुसते लाल राहू देत. पुढच्या वेळी नीट लिहीन."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गाडीतून उतरले. चाकापाशी वाकायला मला वेळ लागतो, पण वाकले. लाल रंगावर पांढरं अक्षर, वर 'आ', खाली 'बा'. इतकं देखणं, सरळ, आणि आतून बिघडलेलं.

"खरवडायचं नाही," मी म्हणाले. "आणि लिहायचंही नाही परत. जसे बसतात तसे बसव."

"उलटे दिसतील."

"दिसू देत."

मुलानं डबे पुन्हा बदलले. आबा डोकं खाली, पाय वर करून उभे राहिले. मी तिकडे बघायचं टाळलं आणि आत जाऊन बसले.

"दाब."

"दाबलं."

समोर, मडगार्डच्या वर, मुलाचं डोकं होतं. तो आता बसूनच काम करत होता. मी बघत राहिले. माथ्यावर केस विरळ व्हायला लागलेत त्याचे, मला कधी दिसलंच नव्हतं. बरोबर त्याच जागी. आणि तिथं ग्रीसचा एक काळा ठिपका होता.

"धर. आई, धर ना. काय झालं?"

"धरलंय."

नळीतून बुडबुडे निघाले. इतके निघाले की भिंगरी "अगं बाई" म्हणून खाली बसून बघायला लागली. तिकडच्या चाकाचेही तेवढेच निघाले. मग ते कमी झाले, मग थांबले. मी दाबलं. पॅडल थोडं खाली गेलं आणि घट्ट उभं राहिलं. मी सोडलं, थांबले, मुलाच्या डोक्याकडे बघत थांबले, आणि परत दाबलं. तिथंच. पुन्हा. तिथंच.

"झालं," मी म्हणाले.

मुलगा उठला, हात पुसले, आणि हत्यारं गोळा करायला लागला. आत बसून बघितलं नाही त्यानं. मी चष्म्याची डबी उघडली आणि किल्ली भिंगरीकडे टाकली. चष्म्याची एक दांडी तेवढी वाकली होती.

"आधी गल्लीत," मी म्हणाले. "पाय एकदाच जायला हवा."

तिला दोनदा दाबायची सवय मोडायला संध्याकाळ झाली. मी शेजारी बसून प्रत्येक वेळी मोजायचे, "एक." दोन म्हणायची पाळी आली की तिच्या मांडीवर चापट. शेवटी शेवटी तिनंच "एक" म्हणायला सुरुवात केली.

रविवारी धावपट्टीवर ऊन होतं आणि इतका आवाज होता की मी कानात कापूस घातला. पार्टवाला तिथंही होता, हसत. त्यानं चाकात वाकून बघितलं आणि माझ्या कानापाशी ओरडला, "काकू, नाव उलटं लागलंय!"

"वाचायला नाही लावलं, थांबायला लावलंय," मी ओरडले.

त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. तेवढ्यात आमची गाडी सुटली. लांबून ती आधी ठिपका होती, मग एकदम गाडी झाली, मग शंकूंकडे येताना इतकी मोठी झाली की माझा उजवा पाय आपोआप जमिनीत रुतला. मी दाबत होते. शेजारी मुलगा उभा होता, तोही दाबत होता. तिनं कधी दाबलं ते मला दिसलं नाही. एवढंच दिसलं की गाडीचं नाक खाली गेलं, आणि ती शंकूंच्या कितीतरी अलीकडे उभी राहिली.

भिंगरीनं काच खाली केली आणि एक बोट बाहेर काढलं. एकच.

माझा पाय अजून दाबलेलाच होता. मुलगा म्हणाला, "आई, सोड."